परदेशी ब्रोकरकडे थेट खातं: पैसे पाठवणं, कर आणि वारसदार

कातळसडा – ५ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. राजापूर तालुक्यात आंबा-काजूची बाग आहे, शिवाय दोन गाळ्यांचं भाडं येतं. पीककर्ज फिटलंय, पोरांची शिक्षणं होत आली आहेत. पण जे काही आहे ते सगळं इथलंच. जमीन इथली, कलमं इथली, घर इथलं, ठेवीसुद्धा इथल्याच बँकेत. ऐन मोहोरात मळभ आलं की सगळ्यालाच एकदम झळ बसते. म्हणून दरवर्षी आंब्याच्या पैशातला थोडा वाटा बाहेरच्या शेअरमध्ये ठेवावा असं मनात आहे. त्यासाठी परदेशी ब्रोकरकडे थेट स्वतःच्या नावावर खातं उघडायचंय.

कुठले शेअर घ्यायचे ते विचारत नाहीये, ते माझं मी बघीन. पैसे जातात कसे, येतात कसे, कर कुठे किती लागतो आणि उद्या माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांनी काय करायचं, एवढं सांगा. यंदा ८ लाख पाठवायचा विचार आहे.

घाटमाथा – ५ डिसेंबर

मी पुण्यात आयटीत आहे. कंपनीकडून अमेरिकन शेअर मिळतात, त्यामुळे या वाटेवरचे खड्डे थोडेफार माहीत आहेत.

भारतात राहणाऱ्या माणसाला पैसे बाहेर न्यायचे तर वाट एकच, रिझर्व्ह बँकेची एलआरएस, म्हणजे स्वतःचे पैसे ठरावीक मर्यादेत बाहेर पाठवू देणारी योजना. २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. मध्ये २०१३ साली रुपया कोसळला तेव्हा वाढलेली मर्यादा कापली होती. २०१५ पासून माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. डॉलर नुकताच नव्वदी पार करून गेलाय, म्हणजे तुमचे ८ लाख झाले जेमतेम नऊ हजार डॉलर. मर्यादेची काळजी नको.

इथल्या अॅपमधून घेतलं तरी खातं शेवटी अमेरिकेतल्या ब्रोकरकडेच उघडतं, अॅप मधला दुवा असतो. फरक सोयीचा आणि शुल्काचा. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्ससारख्यांकडे थेट गेलात तर अमेरिकेबरोबर लंडन आणि युरोपातले बाजारही मिळतात. त्याचा उपयोग पुढे वारसाच्या मुद्द्यात होईल.

उघडताना 'कॅश' खातं की 'मार्जिन' (ब्रोकरकडून उसने घेऊन शेअर घ्यायचं) असं विचारतात. कॅशच निवडा. मार्जिनसाठी एलआरएसमधून पैसे पाठवायला परवानगीच नाही.

आणि डब्ल्यू-८बेन नावाचा एक फॉर्म भरून घेतात. 'मी अमेरिकेचा करदाता नाही, भारतातला आहे' असं त्यात सांगायचं असतं. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर तो संपतो, मग पुन्हा भरायचा. विसरलात तर लाभांशावर २५ टक्क्यांऐवजी ३० टक्के कापतात.

फणसगरा – ५ डिसेंबर

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? परदेशी शेअर घेणारे भारतीय म्युच्युअल फंड आहेत की. रुपयात भरा, रुपयात काढा, ना बँकेत खेटे ना फॉर्म.

घाटमाथा – ५ डिसेंबर

फणसगरा, बाकी सगळं मान्य, पण त्या फंडांचं दार कधी उघडं तर कधी बंद. सगळ्या फंड कंपन्यांना मिळून बाहेर गुंतवायची मर्यादा ७ अब्ज डॉलर आहे. ती भरत आली म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत नवे पैसे घेणं थांबलं. परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) वेगळी १ अब्जाची मर्यादा, तिचं तेच २०२४ च्या एप्रिलमध्ये झालं. नवीन युनिट निघत नाहीत आणि मागणी आहे, त्यामुळे नॅसडॅकचा (अमेरिकेतला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला निर्देशांक) ईटीएफ इथल्या बाजारात खऱ्या मूल्यापेक्षा चढ्या भावाने मिळतो. ते वरचे पैसे कधीही उतरू शकतात. दरवर्षी ठरावीक वेळी भरणाऱ्या माणसाला हे गैरसोयीचं.

खाडीकिनारी – ६ डिसेंबर

बँकेत नोकरी केली, आता निवृत्त. काउंटरच्या आतल्या बाजूचं सांगतो.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातली प्रत्येक शाखा परकीय चलनाचं काम करत नाही. कागद वरच्या शाखेत जातात, रत्नागिरीला नाहीतर कोल्हापूरला. शाखेतल्या पोराने ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) आयुष्यात पाहिलेला नसेल, तर त्याच्यावर चिडून उपयोग नाही. आदल्या दिवशी फोन करून जा.

बँक काय बघते? पहिलं, ज्या खात्यातून पाठवताय ते किमान वर्षभर जुनं हवं. नवीन असेल तर जुन्या बँकेचा वर्षभराचा उतारा मागतात. दुसरं, पैसा उसनवारीचा नको. गुंतवणुकीसाठी बाहेर पाठवायला बँक कर्ज देऊ शकत नाही. किसान क्रेडिट कार्डाचे पैसे त्याच खात्यात येऊन पडले असतील तर अधिकारी हटकून प्रश्न विचारणार. तिसरं, एलआरएस फक्त व्यक्तीला. बागायतीचा व्यवहार भागीदारी फर्मच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या खात्यावर होत असेल तर तिथून पाठवता येणार नाही. आधी स्वतःच्या खात्यात आणा, आणि कशापोटी आणले त्याचा कागद ठेवा.

पैसा कुठून आला याला आंबेवाल्याकडे उत्तर सोपं असतं. वाशीच्या आडत्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), सातबारा आणि विवरणपत्र. पट्ट्या जपून ठेवा. उधळीने खाल्ल्या म्हणून सांगणारे बागायतदार मी पाहिलेत.

आता ए-२. उद्देशाच्या रकान्यात इक्विटी शेअरमधल्या गुंतवणुकीचा कोड येतो, एस०००१. तो नीट बघा. 'भेट' किंवा 'कुटुंबाचा निर्वाह' असं काहीतरी टाकून पाठवलं तर पुढे कागद जुळत नाहीत. लाभार्थी म्हणजे तुम्ही नाही, ब्रोकर. खातं ब्रोकरच्या बँकेतलं. तुमचं नाव आणि ब्रोकरकडचा तुमचा खाते क्रमांक 'पुढे कोणाला जमा' या ओळीत जातो. ती ओळ सुटली की पैसे ब्रोकरच्या बँकेत पोचतात, पण कोणाचे ते कोणालाच कळत नाही. एका डॉक्टरांचे पैसे असेच लटकले होते, चौकशीच्या ईमेलमध्येच महिना गेला. ब्रोकरच्या संकेतस्थळावर पैसे भरण्याची सूचना आधी नोंदवायची असते, तिथे हा सगळा मजकूर तयार मिळतो. तो छापून न्या आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा.

शुल्क कोण भरणार असंही विचारतात. 'सगळं पाठवणारा' असं लिहा, म्हणजे मधल्या बँकेने वाटेत डॉलर कापून घ्यायचा प्रश्न सहसा राहत नाही. जीएसटी फार नाही, लाखाला १८० रुपये आणि पुढे अजून कमी दराने. खरा खर्च दरात असतो. बँक डॉलर कुठल्या भावाने देतेय ते त्या दिवशी विचारा आणि घासाघीस करा. शाखाधिकाऱ्याला थोडी सूट देता येते, आपण विचारत नाही.

तांडेल – ६ डिसेंबर

गजाल खरी आसा. माझ्या मेव्हण्याक व्हॉट्सअॅपवर एक ग्रूप गावलो, 'फॉरेक्स ट्रेडिंग, म्हैन्याक धा टक्के'. पैसे पण खंय पाठवूचे, तर यूपीआयवर, कोणाच्या तरी नावार. ह्या पण परदेशी ब्रोकरच म्हणतत स्वतःक. तेंका नि ह्यांका वेगळा कसा वळखूचा?

खाडीकिनारी – ६ डिसेंबर

तांडेल, तुम्ही सांगितलंत त्यातच ओळख आहे. परदेशी ब्रोकरला पैसे जातात ते तुमच्या बँकेतून, ए-२ भरून, डॉलरमध्ये. यूपीआयवर कोणाच्या बचत खात्यात पैसे मागितले की तिथेच थांबायचं. चलनाच्या सट्ट्याला तर एलआरएस चालतच नाही. परवानगी नसलेल्या अशा फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधगिरी यादी रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून संकेतस्थळावर ठेवली आहे. यादीत नाव नाही म्हणजे तो खरा, असंही नाही. मेव्हण्याला आजच फोन करा.

तांडेल – ६ डिसेंबर

केलंय. तो म्हणता, 'अजून थोडे घालून बघतंय'. आता तेच्या बायलेक सांगतंय.

वाशिष्ठी – ७ डिसेंबर

चिपळूणला सीए म्हणून काम करते. कराचं मी सांगते, आणि थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांची जास्तीत जास्त फजिती इथेच होते.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो कर. एका आर्थिक वर्षात एलआरएसमधून १० लाखांपर्यंत पाठवलं तर काही नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे, आधी ७ लाख होती. त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के बँक गोळा करते. १२ लाख पाठवले तर वरच्या २ लाखांवर ४० हजार. मर्यादा पॅनवर मोजतात, बँकेवर नाही, आणि सगळे उद्देश मिळून. त्याच वर्षी मुलाला परदेशात खर्चाला पैसे पाठवलेत तर तेही त्यात आले. हा काही वेगळा कर नव्हे. विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. कातळसडांचे ८ लाख यात येतच नाहीत.

विक्रीवरचा नफा. अमेरिका अनिवासी परदेशी माणसाच्या शेअरच्या नफ्यावर कर घेत नाही, तो भारतात भरायचा. परदेशी शेअरला 'दीर्घ मुदत' मोजायची ती २४ महिन्यांची, आपल्या शेअरबाजारातल्यासारखी १२ महिन्यांची नाही. त्याआधी विकलात तर नफा तुमच्या नेहमीच्या टप्प्याने. नंतर विकलात तर १२.५ टक्के, महागाईची वजावट नाही. आपल्या शेअरच्या नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूटही इथे नाही.

हिशोब रुपयात होतो हे लक्षात ठेवा. शेअर १०० डॉलरला घेतला तेव्हा दर ८३ होता, आणि १०० डॉलरलाच विकला तेव्हा ८९, तर डॉलरमध्ये काही कमावलं नाही तरी शेअरमागे ६०० रुपये नफा दाखवून त्यावर कर भरावा लागतो. दर कुठला धरायचा तेही ठरलेलं आहे. स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बाहेरून आलेले डॉलर बँक ज्या भावाने घेते तो), विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. गुगलवरचा नाही.

लाभांश. अमेरिकेत २५ टक्के कापून उरलेला खात्यात येतो. भारतात मात्र पूर्ण रक्कम उत्पन्नात धरायची, आणि तिकडे भरलेल्याची वजावट फॉर्म ६७ भरून मागायची.

आणि आता शेड्यूल एफए, म्हणजे विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता. परदेशात खातं किंवा एक शेअर असला तरी विवरणपत्र भरणं सक्तीचं, मग उत्पन्न कितीही कमी असो. आयटीआर-१ आणि ४ चालत नाहीत, २ किंवा ३ लागतो. एफएमध्ये ब्रोकरचं खातं एका तक्त्यात आणि त्यातले शेअर दुसऱ्या तक्त्यात द्यायचे. घेतले तेव्हाची किंमत, वर्षातली सर्वांत जास्त, ३१ डिसेंबरची, आलेला लाभांश, विक्रीची रक्कम. गोम अशी की हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. नफ्याचा तक्ता एप्रिल ते मार्चचा आणि एफए कॅलेंडर वर्षाचा, एकाच विवरणपत्रात. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतलेला शेअर २०२४-२५ च्या विवरणपत्रात दिसणार नाही, पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात येईल. दरवर्षी यावर भांडायला कोणी ना कोणी येतं.

न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट दिली. सूट दंडातून आहे, दाखवण्यातून नाही. आणि लपत काहीच नाही. अमेरिका आणि बाकीचे देश खात्यांची माहिती दरवर्षी आपल्या आयकर खात्याला पाठवतात. गेल्या वर्षी खात्याने लोकांना एसएमएस-ईमेल पाठवून आठवण केली, तेव्हा २४ हजारांहून जास्त जणांनी विवरणपत्रं सुधारली. यंदाही गेल्या आठवड्यापासून मेसेज सुरू झालेत. कोणाला आला असेल तर सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५ आहे.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलतील, त्यामुळे वर दिलेले क्रमांक तोवरचे समजा.

कातळसडा – ७ डिसेंबर

ताई, मनापासून आभार. एक शंका. बागेचं उत्पन्न करमुक्त. भाडं आणि व्याज धरून करपात्र काही उरतच नाही, कर शून्य येतो. मग अमेरिकेने कापलेले २५ टक्के मला परत मिळतील ना?

वाशिष्ठी – ७ डिसेंबर

नाही. परदेशात भरलेल्या कराची वजावट भारतातल्या त्या उत्पन्नावरच्या करापुरतीच मिळते. इथे कर शून्य तर वजावट शून्य, आणि परतावा तर नाहीच. तिकडचे २५ टक्के तिकडेच राहिले. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या घाटमाथांना १०० डॉलर लाभांशावर तिकडे २५ आणि इथे ५ असे मिळून ३०च भरायचे, त्यांचं नुकसान काही नाही. तुमचं आहे. बागायतदार, मच्छीमार, छोटे पेन्शनर यांनी हे आधी बघायला हवं आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही, कारण यावरचं बहुतेक लिखाण पगारदारांसाठी असतं.

म्हणून भरघोस लाभांश देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या मागे लागू नका. लाभांश न देणारे किंवा नाममात्र देणारे शेअर तुमच्या बाबतीत बरे पडतील. बाकी निवड तुमची.

आणखी एक बारीक गोष्ट. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ५ हजारांवर असेल आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं, तर दर ठरवताना ते मिसळतात. शेअर विकून एखाद्या वर्षी मोठा नफा आला तर हे अंगावर येऊ शकतं. विकायच्या आधी हिशोब करून घ्या, विकल्यावर नको.

फणसगरा – ७ डिसेंबर

मी तेच म्हणत होतो. आगीतून फुफाट्यात.

भरतीओहोटी – ८ डिसेंबर

कर, फॉर्म सगळं ठीक, पण बाजाराचंही कोणीतरी बोला. सगळे 'डॉलर वाढतोच' आणि 'अमेरिका वाढतेच' या दोन गोष्टी गृहीत धरून चाललेत.

नॅसडॅक मार्च २००० मध्ये ५०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये १११४. ती जुनी पातळी परत यायला २०१५ उजाडलं. जपानचा निक्केई १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात ३८,९१५ वर गेला आणि तिथे परत पोचला २०२४ च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षं! रुपयाचंही तसंच. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ३९-४० ला मिळत होता, २०१३ च्या ऑगस्टमध्ये ६८ ला गेला. त्या वर्षांत बाहेर पैसे असलेल्याला चलनानेच हात दिला. पण २००२ ते २००७ उलट झालं, रुपया वधारला आणि डॉलरमधल्या पैशाचं रुपयातलं मोल घटलं.

कातळसडांचं म्हणणं मला पटतं. सगळं एका तालुक्यात ठेवू नये. पण मग सगळं एकाच देशाच्या डझनभर तंत्रज्ञान कंपन्यांतही ठेवू नये.

आणि रात्री जागून धंदा करायचा नाही. अमेरिकेचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री दीड, हिवाळ्यात ८ ते अडीच. जूनमध्ये आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि मोबाइलची रेंज कधी, याचा नेम नाही. ओटीपी यायला घराबाहेर सड्यावर जाऊन उभं राहावं लागतं. भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाका, रद्द करेपर्यंत चालू राहील अशी, आणि झोपा.

सुरंगी – ८ डिसेंबर

धाग्यातला शेवटचा प्रश्न कोणीच घेतला नाही, म्हणून मी लिहिते. वेंगुर्ल्याची. माझे सासरे जहाजावर होते, तेव्हापासूनचं त्यांचं परदेशी ब्रोकरकडे खातं होतं. ते अचानक गेले. खातं आहे एवढं घरात माहीत होतं, बाकी काही नाही. ईमेल त्यांच्या फोनवर, फोनला पिन.

आपल्याकडच्या डीमॅटसारखं नामनिर्देशन तिकडे सगळ्यांकडे नसतं. मृत्यूचा दाखला पाठवल्यावर ब्रोकरने खातं गोठवलं, ते योग्यच होतं. मग कागदांची रांग. न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरी. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यात एका अक्षराचा फरक, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक ईमेलला दुसराच माणूस उत्तर देणार आणि आधीचे कागद पुन्हा मागणार. ब्रोकरचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या ऐकण्यात सगळीकडे साधारण असंच आहे.

पण खरा दणका पुढे होता. अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर ही अमेरिकेतली मालमत्ता धरतात, मालक वेंगुर्ल्यात राहत असला तरी. मालकाच्या मृत्यूच्या दिवशी तिची किंमत ६० हजार डॉलरच्या वर असेल तर अमेरिकेचा वारसा कर लागतो, चढत्या दराने ४० टक्क्यांपर्यंत. त्यांच्या स्वतःच्या नागरिकाला २०२५ साली १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलरपर्यंत सूट आहे, आपल्याला ६० हजार. आपल्याकडचा वारसा कर १९८५ मध्येच रद्द झाला, आणि या कराबाबत दोन्ही देशांत करारही नाही. म्हणजे तिकडे भरलेलं इथे कशातूनच वजा होत नाही. सासऱ्यांचं खातं ६० हजारांच्या वर होतं. अमेरिकेच्या कर खात्याकडून 'देणं काही उरलेलं नाही' असं प्रमाणपत्र आल्याशिवाय ब्रोकर शेअर हलवू देईना. ते यायला वर्षाच्या वर लागलं. तोवर भाव खाली आले, आम्ही नुसते बघत बसलो.

सासूबाई अजून म्हणतात, त्यापेक्षा सोनं घेतलं असतं तर कपाटात तरी असतं.

घाटमाथा – ८ डिसेंबर

सुरंगीताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. यासाठीच वर लंडनच्या बाजाराचा उल्लेख केला होता. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ असतात, आतमध्ये तेच अमेरिकन शेअर, पण तुमच्या नावावर असतं ते आयरिश फंडाचं युनिट. ते अमेरिकेतली मालमत्ता ठरत नाही, त्यामुळे हा वारसा कर लागत नाही. लाभांशावर फंडाच्या पातळीवर २५ ऐवजी १५ टक्के कापले जातात. काही फंड लाभांश वाटतच नाहीत, आतच पुन्हा गुंतवतात. कातळसडांची कालची अडचणही त्यात बरीचशी सुटते. इथल्या अॅपवर हे सहसा मिळत नाहीत, थेट खात्यात मिळतात. एफएमध्ये मात्र हेही दाखवायचे.

आणि फणसगरा, एक गुण तुम्हाला. भारतीय म्युच्युअल फंडातून अमेरिकन शेअर घेतले तर त्यालाही हा कर नाही.

फणसगरा – ८ डिसेंबर

नोंद घेण्यात येत आहे.

बोटीवरचा – ९ डिसेंबर

जहाजावर आहे, रेंज मिळाली म्हणून लिहितो. आपल्या पट्ट्यात घराघरातून कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर आखातात आहे. त्यांनी वरचं सगळं आपल्यावर तसंच लागू आहे समजू नका. अनिवासी असताना बाहेर कमावलेल्या पैशातून बाहेरच शेअर घेतले तर एलआरएस नाही, टीसीएस नाही, एफएही नाही. कायमचे परत आल्यावर ते विकायची सक्ती नाही, फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) कलम ६(४) प्रमाणे तसेच ठेवता येतात. परत आल्यावर सुरुवातीला बहुतेकांचा दर्जा 'निवासी पण सर्वसाधारण निवासी नव्हे' असा असतो, तेव्हाही बाहेरच्या शेअरचं उत्पन्न इथे करात येत नाही. त्यानंतर मात्र सगळ्यांसारखंच.

दिवसांचा हिशोब सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोकरी-पुस्तिकेवरच्या) शिक्क्यांवरून होतो. दोन-चार दिवसांनी अनिवासीपण गेलेले मित्र आहेत माझे. आणि ६० हजार डॉलरचा नियम आपल्यालाही आहे, मुंबईत राहा की मस्कतला.

कातळसडा – १० डिसेंबर

सगळ्यांचे आभार. आज रत्नागिरीच्या शाखेत फोन केला, ए-२ म्हटल्यावर पलीकडच्या बाईंनी लगेच यादी सांगितली. शाखेचं नशीब की माझं, माहीत नाही. पट्ट्या सापडल्या, वरची फक्त ओली झालीये.

अजून दोन शंका. ब्रोकरच बुडाला तर? आणि बायकोच्या नावावर दुसरं खातं उघडलं तर ६० हजारांची मर्यादा वेगळी मोजतात का?

घाटमाथा – १० डिसेंबर

शेअर ब्रोकरच्या मालमत्तेत मिसळायचे नाहीत असा तिकडचा नियम आहे. तरी काही घोटाळा झालाच तर एसआयपीसीचं (ब्रोकर बुडाल्यास गुंतवणूकदारांना भरपाई देणारी अमेरिकेतली संस्था) संरक्षण ५ लाख डॉलरपर्यंत, त्यात रोख अडीच लाखांपर्यंत. भाव पडून झालेलं नुकसान त्यात येत नाही. आणि शेअर विकून आलेले डॉलर खात्यात नुसते पडून ठेवू नका. २०२२ पासून नियम आहे, १८० दिवसांत पुन्हा गुंतवायचे नाहीतर भारतात आणायचे.

वाशिष्ठी – १० डिसेंबर

मर्यादा माणशी आहे, तेव्हा वेगळी मोजतात. एलआरएसचे अडीच लाख डॉलर आणि टीसीएसचे १० लाखही वहिनींचे वेगळे. पण पैसे तुम्ही त्यांना भेट म्हणून दिलेत तर त्यावरचा लाभांश आणि नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात. त्यांच्या स्वतःच्या कमाईचे असतील तर प्रश्न नाही. खातं त्यांचं म्हणजे विवरणपत्र आणि एफएही त्यांचं वेगळं, हेही लक्षात घ्या.

कातळसडा – १० डिसेंबर

काजूची निम्मी बाग तिच्या नावावर आहे, माहेरची. म्हणजे तिचे पैसे तिचेच. तिला विचारलं. म्हणाली, उघडीन, पण शेअर कुठला घ्यायचा ते मी ठरवणार.

तांडेल – ११ डिसेंबर

मेव्हण्याच्या बायलेन तेचो फोन काढून घेतल्यान. पैसे काय परत येवचे नाय, पण तेवढा तरी झाला. सायबरच्या १९३० वर तक्रार नोंदवलंव.